पाटाचा फोटो

मेल आली तेव्हा मी रोह्याला माहेरी होते, आईसमोर बसून बिरड्याचे वाल सोलत होते. बोटं ओली होती, म्हणून मोबाइल मनगटानंच जवळ ओढला आणि वाचला. आमचं प्लगिन बंद करण्यात आलं होतं. ज्या साइटवरून जगभरचे लोक ते फुकट उतरवून घेत, तिथल्या तपासणाऱ्यांनी त्याला कुलूप घातलं होतं. आमच्या प्लगिनमध्ये एक भोक सापडलं होतं आणि ते जिथे जिथे बसवलंय त्या वेबसाइटमध्ये कुणीही वाटेल ती फाइल आत सोडू शकत होतं. भोक बुजवा, नवी आवृत्ती पाठवा, आम्ही बघू आणि पुन्हा उघडू, असं लिहिलं होतं. खाली फाइलचं नाव होतं, कुठल्या ओळी तेही होतं.

त्या ओळी कुणी लिहिल्या होत्या हे मला उघडून बघावं लागलं नाही.

"कंपनीची मेल काय गो?" आईनं विचारलं.

"आमची कंपनी नाही, आई. दोघंच होतो."

"होतो" म्हटलं आणि पुढचा वाल सालीसकटच पातेल्यात टाकला. आईनं तो मुकाट्यानं उचलून सोलला.

दोघं म्हणजे मी आणि माझा नवरा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, ते मला अजून जमत नाही. पेणजवळ हमरापूरच्या बाजूला ज्या गावांत घरोघरी गणपती घडतात, त्यातल्या एका गावातला तो. आम्ही पेणला कॉलेजात भेटलो. कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला हा शेजारी बसायचा आणि त्याच्या नखांत कायम कसला ना कसला रंग असायचा. मी एकदा न राहवून विचारलं, नखं धुतोस तरी कधी? तर म्हणाला, भाद्रपद झाला की. मला ते उत्तर आवडलं आणि मी फसले.

लग्न झाल्यावर मी त्या घरात गेले तेव्हा घरात तो आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, एवढेच होते. सासूबाई आधीच गेलेल्या. खाली गणपतीचा कारखाना, मागच्या बाजूला आम्ही राहायचो, आणि कारखान्यावर लाकडी माळा. त्या माळ्यावर एक टेबल, दोन खुर्च्या, दोन लॅपटॉप आणि एक इन्व्हर्टर, की झालं आमचं ऑफिस. खालची पांढरी पूड वर येऊन लॅपटॉपच्या पंख्यात बसायची. तो मूर्तीचे डोळे काढायच्या बारीक ब्रशनं की-बोर्ड झाडायचा. बाबांना ते दिसलं की खालून ओरडायचे, कारण तो ब्रश काही स्वस्तातला नसतो.

प्लगिन म्हणजे काय, हे मी माहेरच्या आणि सासरच्या इतक्या बायकांना समजावलंय की आता पाठ झालंय. वेबसाइट हे घर धरा. घर बांधून झाल्यावर आपण त्यात इन्व्हर्टर बसवतो, पाण्याचा फिल्टर बसवतो, त्यासाठी भिंती पाडत नाही. तसं वेबसाइटला मागाहून बसवायचं यंत्र म्हणजे प्लगिन. एवढं ऐकून झालं की समोरची बाई हमखास म्हणायची, "मंग डोलवीला कंपनीत का नाय लागत तो? शिफ्ट असते, बस न्यायला येते." मी हसायचे. तो हसायचा नाही, त्याला ते लागायचं.

आमचं प्लगिन ऑर्डर घ्यायचं. आधी ते कारखान्यासाठीच लिहिलं होतं. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं फोटो बघून मूर्ती ठरवायची आणि नंतर "आम्ही लोडाला टेकलेला सांगितला होता" म्हणून भांडायची. तेव्हा गिऱ्हाइकानं काय मागितलं ते त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं, सोबत नमुन्याचा फोटो घ्यायचा, असं काहीतरी त्यानं बनवलं. मग ते आम्ही सगळ्यांसाठी ठेवलं. आणि झालं काय, तर गणपतीवाल्यांपेक्षा केकवाल्यांनी ते जास्त उचललं. शिंपी, मेंदी काढणाऱ्या मुली, कुठल्या कुठल्या देशांतल्या बेकऱ्या. तो म्हणायचा, बघ, आपल्या गावचा गणपती साहेबाच्या केकवर जाऊन बसला.

आमची काम करायची पद्धत कुठल्या पुस्तकातली नव्हती, ती खालच्या कारखान्यातून वर आली होती. रंगकाम झालेली मूर्ती आखणीला, म्हणजे डोळे काढायला, बसवायच्या आधी दारात आणतात. आत ट्यूबलाइटमध्ये पितांबराचा पिवळा एक दिसतो आणि दारातल्या उजेडात दुसराच. आणि बघायचं ते रंगवणाऱ्यानं नाही, दुसऱ्यानं. रंगवणाऱ्याचा डोळा स्वतःच्या चुकीवरून नेमका पुढे सरकतो. दुसऱ्यानं "चल" म्हटलं की आखणी. डोळे काढले की मूर्तीला परत हात लावायचा नाही.

आम्ही हेच करायचो. आपापल्या लॅपटॉपवर एक खोटी वेबसाइट उभी केलेली असते, तिच्यावर आधी लिहायचं, मोडायचं, परत लिहायचं. मग चाचणीच्या साइटवर न्यायचं. मग बाबांच्या मोबाइलवर, कारण त्याची काच तडकलेली होती, तो सारखा अडायचा, आणि त्यावर जे चाललं ते जगात कुठेही चालेल अशी आमची खात्री होती. प्रत्येक बदलाबरोबर काय केलं त्याची एक ओळ लिहून ठेवावी लागते. मी "किरकोळ दुरुस्त्या" असं लिहून मोकळी व्हायचे. तो चिडायचा, म्हणायचा, किरकोळ म्हणजे काय, सोंडेला की उंदराला? आणि सगळं झालं की खुर्ची मागे सरकवून म्हणायचा, "दारात आण." मी लिहिलेलं तो वाचायचा, त्यानं लिहिलेलं मी. दुसऱ्यानं "चल" म्हटल्याशिवाय नवी आवृत्ती सोडायची नाही. सोडली की आखणी झाली म्हणायचो.

आता त्या ओळींविषयी.

आमच्या भागात गणपती ठरवायचा म्हणजे पाट आणून द्यायचा. घरातला, वाडवडिलांपासूनचा लाकडी पाट. मागच्या बाजूला खडूनं नाव लिहायचं आणि कारखान्यात मांडणीवर नेऊन ठेवायचा. मूर्ती त्याच पाटावर बसते आणि त्यावरच घरी जाते. सीझनमध्ये कारखान्याचं दार दिवसभर सताड उघडं असतं. बाबा जेवायला बसलेले असले तरी लोक येतात, पाट ठेवतात, बाहेरूनच हाक मारतात आणि जातात. कोण आलं, कुठून आलं, कुणी विचारत नाही. पाट आला, माणूस ठरला.

मुंबईला गेलेल्या लोकांना पाट आधी आणून देणं जमेना. ते ऐन वेळी पाट घेऊन यायचे आणि मूर्तीची बैठक पाटापेक्षा मोठी निघायची. म्हणून त्याच्या डोक्यात आलं की ऑर्डर देतानाच पाटाचा फोटो पाठवता यावा. सिस्टिममध्ये फोटो घ्यायची तयार सोय असते, ती आलेली फाइल तपासून घेते. पण तिनं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो काही केल्या घेतला नाही, त्याच्या मोबाइलमधून तो कसल्या भलत्याच प्रकारात यायचा. म्हातारा फोनवर रडकुंडीला आला. झालं, यानं ती तयार सोय बाजूला सारली आणि स्वतःच्या ओळी लिहिल्या. जे येईल ते घ्या. मी म्हटलं, निदान लॉगिन तर करायला लावू. तो म्हणाला, "पाट आणणाऱ्याला कुणी नाव-गाव विचारतं का?"

ते त्यानं दारात आणलं, मी बघितलं, आणि "चल" म्हटलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्या घरात राहणाऱ्या कुणालाच दिसलं नसतं.

तीच त्याची शेवटची आवृत्ती. अनंत चतुर्दशी झाली, कारखाना धुऊन निघाला, आणि पितृपक्षात त्याला ताप आला. लेप्टो निघाला. आधी पेणला, मग अलिबागला, मग पनवेलला. दर ठिकाणी यंत्रं आधीपेक्षा मोठी होती आणि तो आधीपेक्षा कमी कमी होत होता. नखांत शेवटपर्यंत थोडा निळा राहिला होता. पुढचं मला लिहायचं नाही.

त्यानंतर मी एकही नवी ओळ लिहिली नाही. लोकांचे प्रश्न यायचे, त्यांना उत्तरं द्यायचे, हे बटण दाबा, ते बटण दाबा. पण फाइल उघडायची म्हटलं की लॅपटॉप मिटून ठेवायचे. लिहिलं असतं तरी दारात बघणार कोण होतं? बाबांचंही तेच. त्याचा एक फोटो आम्ही पेणहून मोठा करून आणला होता, फ्रेम करून. बाबा म्हणाले, एवढ्यात नको लावू. तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला कपाटामागे उभा होता. मी केर काढताना त्याच्या भोवतीनं काढायचे.

आई-वडिलांचं म्हणणं, रोह्याला येऊन राहा, धाटावला एमआयडीसीत कुठल्यातरी ऑफिसात कॉम्प्युटरचं काम मिळेल. त्या वेळी मी त्याचसाठी चार दिवस येऊन राहिले होते, बघू तरी म्हणून. मेल आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघाले. आईनं सोललेले वाल डब्यात घालून दिले.

गाडीत खिडकीशी बसून मी लॅपटॉप उघडला. निडीला भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढल्या, त्यांनी मला सरकायला लावलं आणि एकजण लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली, "पोरीचं काम चाललंय, पाटी लांब ठेव गो." मी त्या ओळींकडे नुसती बघत होते. काय करायला हवं ते पाहता क्षणी कळलं होतं. त्याच्या ओळी काढायच्या आणि तयार सोय परत जोडायची. शिकाऊ पोरानंही हेच सांगितलं असतं.

पण माझं मन तयार होईना. काढलेलं पुरतं जात नाही, हे मला माहीत होतं. आमच्या धंद्यात प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते, हवी तेव्हा काढून बघता येते. पण जपून ठेवलेलं असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. रोज कुठेतरी कुणीतरी केकचा नाहीतर झग्याचा फोटो पाठवत होतं, आणि त्याच्या ओळी तो हात पुढे करून घेत होत्या. तो गेल्यावरही त्याचं एवढं एक काम चालू होतं, आणि ते मला थांबवायला सांगत होते. नागोठणे गेलं तरी मी एक अक्षर हलवलं नाही.

घरी आल्यावर मी आडवाटा शोधल्या. त्याच्या ओळी तशाच ठेवून वर एक अट घालून पाहिली. चाचणीच्या साइटवर स्वतःच चोर झाले, फोटोचं सोंग घेतलेली वाईट फाइल पाठवली. गेली आत. दुसरी अट घातली. दुसऱ्या सोंगानं आत. कडी लावावी म्हटलं तर कशाला लावणार, त्या दाराला चौकटच नव्हती. मला इतका राग आला की मी त्याच्या रिकाम्या खुर्चीला चक्क शिव्या दिल्या. लिहून ठेवलंस आणि गेलास. माझ्या डोक्यावर ठेवून गेलास. खाली बाबांना ऐकू गेलं असणार, कारण रंगाच्या कॉम्प्रेसरचा आवाज थोडा वेळ थांबला होता.

त्यातच एका बाईचा मेसेज आला. कुठल्या तरी लांबच्या देशातली, लहानशी बेकरी होती तिची. तिच्या वेबसाइटवर केकच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसत होत्या, ऑर्डरी थांबल्या होत्या. तिनं ना शिव्या दिल्या होत्या ना धमक्या. मेसेजच्या शेवटी एवढंच विचारलं होतं, की तिकडे कुणी आहे का?

दुपारी जेवताना मी बाबांना सांगितलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. बाबा मान खाली घालून जेवत होते.

"बाबा, त्याच्या ओळी काढाव्या लागतायत."

"कसल्या ओळी?"

"कॉम्प्युटरमधल्या. पाटाच्या फोटोच्या. त्यातनं चोर लोकांच्या वेबसाइटमध्ये घुसतायत."

"मंग चोराला धरा. त्याचं कशाला पुसता?"

"चोर कुठले कुठले असतात, बाबा. ते धरता येत नाहीत. दार बंद करावं लागतं."

बाबांनी भाकरी ताटात ठेवली. "पाट कुणी बी आणून ठेवावा. त्याला काय इचारायचं? माझ्या बापाच्या वख्तापासून दार उघडं हाय आपलं. त्याचं काय चुकलं?"

"इथे नाही चुकलं. तिथे चुकलं."

"तिथं म्हंजे कुठं?"

 तिथे म्हणजे जिथे कुणी कुणाला ओळखत नाही, एवढंच मनात आलं. ते बोलले नाही.

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "नको काढू गो. त्याच्या हातचं काय उरलंय आता? एवढे गणपती केले त्यानं, सगळे पाण्यात गेले. आपला धंदाच तसा, केलं की बुडवायचं. जलमभर केलं, मला कधी वाईट नाय वाटलं. आता वाटतं. एखादा ठेवला असता."

ते हात धुवायला उठले. त्यांनी अर्धी भाकरी तशीच टाकली होती. मीही जेवले नाही. त्या माणसाचं म्हणणं माझ्याच मनातलं होतं आणि मला तेच मोडायचं होतं. इतकं वाईट मला मधल्या महिन्यांत कधी वाटलं नव्हतं. रडायचं ते तेव्हा सगळं झालं होतं असं मी धरून चालले होते.

मधला एक दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी, आखणीला येणारा बाहेरचा कारागीर चहाला गेला होता तेव्हा, मी माळ्याच्या शिडीवरून खाली वाकून हाक मारली. "बाबा, जरा वर येता?"

"कशाला?"

"दारात बघायला कुणी नाही."

ते आले. गुडघे धरून, एकेक पायरी थांबत. ते याआधी क्वचितच वर आले असतील. त्याच्या खुर्चीकडे बघून घुटमळले, मग बसले. हात पांढऱ्या पुडीनं भरलेले होते, ते लुंगीला पुसले.

"मला काय समजणार यातलं?"

"समजायला नको. मी एकटी करणार नाही, एवढंच. तुम्ही बसा."

मी त्या ओळी निवडल्या. निवडल्या की त्यांच्यामागे निळसर पट्टा येतो. बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच राहिलं.

"वाच," बाबा म्हणाले.

"इंग्रजीसारखं आहे ते."

"मराठीत वाच."

मग मी वाचलं. कुणी काही पाठवलं का ते बघ. पाठवलं असेल तर घे. ठेवायला जागा नसेल तर जागा कर. नाव जे असेल तेच राहू दे. ठेव. आणि पाठवणाऱ्याला सांग, मिळालं.

तेव्हा तपासताना आणि आता आडवाटा शोधताना ते मी किती वेळा वाचलं होतं, पण ते त्याच्या बोलण्यासारखं आहे हे तोवर लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या आलं. "आसाच बोलायचा," ते म्हणाले आणि त्यांनी पुडीच्या हातानंच डोळे पुसले. पापण्या पांढऱ्या झाल्या. मला त्यांना पाणी आणून द्यावंसं वाटलं, पण उठले असते तर परत बसले नसते.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुणाचं काय गेलं म्हणालीस?"

मी त्यांना बेकरीवालीचा मेसेज वाचून दाखवला. शेवटचं वाक्यही सांगितलं.

"केक करते?"

"हो. घरच्या घरी, असं दिसतंय. फोटोत ती आणि तिची मुलगी आहे."

"आणि दुकान बंद हाय तिचं?"

"ऑर्डरच येत नाही तर काय करेल? हो. बंदच."

"सीझन हाय काय तिचा?"

मला माहीत नव्हतं. "असेल," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. सीझनमध्ये दुकान बंद राहणं म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या तोंडावरून मला दिसत होतं की त्यांना ती बाई दिसतेय, तिची रिकामी मांडणी दिसतेय. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "काढ मग."

मी काढल्या. बटण दाबायला काही लागत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. त्या जागी तयार सोय जोडली. चाचणीच्या साइटवर पुन्हा चोर झाले. या वेळी वाईट फाइल बाहेरच्या बाहेर राहिली. मग दुसऱ्या सोंगानं, तिसऱ्या सोंगानं. आत गेली नाही. मग खरा फोटो जातो का ते बघायचं होतं. मी बाबांना म्हटलं, तुमच्या मोबाइलवरून एक पाठवा. ते खाली गेले, मांडणीवरच्या कुणाच्या तरी पाटाचा फोटो काढला आणि खालूनच ओरडले, "गेला काय?" फोटो तिरका आला होता, अर्ध्या भागात त्यांचा अंगठा होता. पण गेला होता.

काय केलं त्याची ओळ लिहायची होती. "किरकोळ दुरुस्त्या" लिहिण्याची हिंमत झाली नाही. मी लिहिलं, पाटाच्या फोटोचं उघडं दार बंद केलं. बाबा परत वर आले होते, धापा टाकत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं मी कशासाठी थांबलेय.

"चल," ते म्हणाले.

मी नवी आवृत्ती सोडली. बेकरीवालीला लिहिलं, इथे आहे कुणीतरी, उशीर झाला, माफ करा, आणि साइट साफ कशी करायची ते पायरीपायरीनं कळवलं. पुढच्या आठवड्यात प्लगिनचं कुलूप निघालं. मी आईला फोन करून सांगितलं की धाटावचं एवढ्यात नको. आईनं वाल संपले का म्हणून विचारलं.

मधल्या काळात बाबा पुन्हा वर आले नाहीत. मग पाऊस सुरू व्हायच्या आसपास एकदा दुपारी शिडी वाजली. ते येऊन त्याच्या खुर्चीत बसले, बोलावल्याशिवाय.

"गेल्या त्या ओळी?" त्यांनी विचारलं. "कुठं गेल्या?"

"गेल्या नाहीत, बाबा. जुन्या आवृत्तीत आहेत. आमच्यात काहीच पुरतं जात नाही."

"दाखव."

मी तो बदल उघडला. आमच्याकडे जुनं आणि नवं एकाखाली एक दिसतं. जे काढलं ते लाल पट्ट्यात आणि नवीन घातलं ते हिरव्या. बाबा पुढे वाकले. चष्मा आणला नव्हता, म्हणून अगदी जवळ गेले.

"तांबडं हाय ते?"

"तांबडं ते सगळं त्याचं."

"आन हिरवं?"

"हिरवं माझं."

त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "हिरवं थोडंच हाय गो."

"एवढंच लागलं, बाबा."

त्यांनी लाल ओळींवर बोट ठेवलं आणि सावकाश खाली नेलं, एकेक ओळ. काचेवर पुडीची पुसट रेघ उठली.

"या आता चालत नायत?"

"नाही. नुसत्या दिसतात."

"म्हंजे फोटोच झाला," बाबा म्हणाले.

 ते गुडघे धरून उठले आणि खाली उतरले. खालून कपाट सरकवल्याचा आवाज आला, मग वर्तमानपत्र फाडल्याचा. मग त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, घरात मोठा खिळा आहे का.